दोन सह्यांचा ड्रम

मी एक निळा प्लास्टिकचा ड्रम बोलतोय. घडलो साबणाच्या कारखान्यासाठी, पण नशिबात खत निघालं. जळगावातल्या एका कॉलनीत, पुष्पाबाईंच्या अंगणात, शेजारच्या भिंतीला खेटून मी उभा आहे. माझ्या अंगाला हवेसाठी तापल्या सळईने भोकं पाडली ती शेजारच्या कय्युमभाईंनी. ते गवंडीकाम करतात आणि जरीनाबी त्यांची बायको.

माझ्यापायी एक कागद झाला होता. पालिकेच्या नियमाप्रमाणे खताचा ड्रम शेजाऱ्याच्या भिंतीपासून पाच फूट लांब हवा. या अंगणात पाच फूट आणायचे कुठून? पण दोन घरांनी मिळून एकच ड्रम वापरला आणि दोघांनी सह्या दिल्या, तर भिंतीजवळ चालत होतं. दोघींनी सह्या दिल्या. झाकण कायम लावायचं, मटण-हाडं टाकायची नाहीत, तेलकट उरलंसुरलंही नाही, असं त्यात लिहिलं होतं. जरीनाबींनी ते दोनदा वाचलं. पुष्पाबाईंना चष्मा सापडेना, म्हणून त्यांनी वाचलंच नाही.

सहा वर्षं माझी मोठी मजेत गेली. रोज सकाळी जरीनाबी भिंतीवरून बादली द्यायच्या. कांद्याची सालं, चहाचा चोथा, भाजीची देठं. पुष्पाबाई माहेरच्या, म्हणजे असोद्याच्या मळ्यातली केळीची वाळकी पानं वर पसरायच्या. माझं खत दोन्ही घरांच्या कुंड्यांत जायचं आणि त्या निमित्ताने दोघींच्या पोटातलं एकमेकींकडे. मी तेव्हा फार शेफारलो होतो, हे कबूल करतो.

गेल्या मार्गशीर्षात पुष्पाबाईंच्या मुलाने, जितेंद्रने, ऑफिसच्या लोकांना भरीत पार्टी दिली. अंगणात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली. अंदाज चुकला आणि पातेलंभर भरीत उरलं, पुऱ्याही उरल्या. संध्याकाळी पुष्पाबाईंनी माझं झाकण उघडलं आणि सालं-देठांसकट सगळं ओतलं. असोद्याचा उकिरडा त्यांच्या लहानपणापासून वाट्टेल ते पचवत आला होता. मी त्याचाच धाकटा भाऊ, असं त्यांना वाटलं. पण तेलाने माझी भोकं बुजली आणि आठ दिवसांत मी सडलो. किडे पडले, वास पार गल्लीत गेला.

तक्रार झाली. पालिकेचे तोताराम कागद घेऊन आले आणि त्यांच्यामागे पाच-दहा बघे. जितेंद्र नाकाला रुमाल लावून म्हणाला, "आमच्या घरात मटण शिजत नाही. हा वास कुठून आला असेल, ते तुम्हीच समजा."

नाव त्याने घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या.

जरीनाबी एवढंच म्हणाल्या, "अक्का, तुम्ही सांगा."

पुष्पाबाईंनी खाली बघितलं. चारचौघांत मुलाला खोटं पाडणं त्यांच्याने झालं नाही. सगळा पुरावा माझ्या पोटात होता, पण मी पडलो मुका. त्या दिवसाइतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मला रिकामं केलं. जळकी देठं निघाली, वांग्यांची सालं निघाली, हाड एकही नाही. पुष्पाबाईंनी ते लेकाला दाखवलं. तो म्हणाला, आता कशाला उकरून काढतेस? तोवर जरीनाबींनी आपली सही मागे घेतली होती. कय्युमभाईंनी एका सुट्टीत भिंत तीन फुटांनी वाढवली. कुणाशी भांडले नाहीत, ओळंबा लावून एकेक वीट सरळ रचली.

दुसरी सही नाही, म्हणून मी आता नियमात बसत नाही. सोमवारी भंगारवाला येईल. माझं मला काही वाटत नाही. वाईट वाटतं ते रोज सकाळी, पुष्पाबाई माझ्यापाशी उभ्या राहून पुटपुटतात तेव्हा. "जरीना, ते मीच टाकलं व्हतं वं. मले तवा बोलता नाही आलं."

बाई, हे मला सांगून काय उपयोग? मला तर सगळं ठाऊकच आहे. भिंत उंच झाली असेल, फाटक तर उघडंच आहे. तिथून जरीनाबींच्या दारापर्यंत फार तर वीस पावलं.

आज पुष्पाबाई फाटकाबाहेर गेल्या होत्या. दहा-बारा पावलं चालल्या, पदराने तोंड पुसलं आणि परत आल्या.