समुद्राने ओढून नेलेली डावी वहाण

मी एक जुनी वहाण आहे. तीही डावी. उजवी इथेच शेजारी पडली आहे, पण तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही, म्हणून बोलते मी.

मित्रांनो, पारशिवनीच्या चंद्रभानने मला जाड चामड्यात शिवलं आणि खाली ट्रकच्या टायरचा तळ ठोकला. माझी मालकीण रुखमाबाई. मी अंगणात करकर वाजले की घरातल्या सुना गप्प होत. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात आम्ही कोकणात गेलो. रुखमाबाईचा जावई शालिकराम हर्णैच्या पोस्टात नोकरीला होता. परक्या मुलखात आपली गोपिका एकटी पडली, असं रुखमाबाईने मनात धरलं होतं. पोरीला नागपूरला घेऊन जायचं आणि जावयाने मागून बदली करून यायचं, हे तिने रेल्वेतच ठरवून टाकलं. गोपिकाला मात्र जायचं नव्हतं. ती आईला घ्यायला कर्द्यापर्यंत आली आणि मुद्दाम समुद्राच्या कडेने चालवत निघाली. आपला मुलूख आईला आवडावा, एवढीच तिची आशा.

कर्द्याची वाळू मऊ, मुरूडची त्याहून मऊ. माझ्या पट्ट्यात वाळू शिरली. डावीकडे समुद्र, उजवीकडे माडांच्या वाड्या. रुखमाबाई बघत होती सगळं, पण कबूल कशी करणार? म्हणाली, "एवढं पाणी, अन् पेता येत नाही, पिकाले देता येत नाही. काय करतं वं याचं?"

हर्णैच्या बंदरात होड्या लागल्या होत्या, मासळीचा लिलाव चालला होता. तिथे रुखमाबाईला समुद्राला हळदकुंकू वाहायचं होतं. पवित्र पाण्याजवळ वहाणा घालून जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पेंच नदीच्या काठी काढते तसंच तिने आम्हाला पाण्यापासून चार पावलांवर काढून ठेवलं. पूजा झाल्यावर ती अनवाणीच एका होडीच्या सावलीत बसली आणि लेकीला नागपूरचं समजावू लागली.

पेंच जागची हलत नाही हो. हा समुद्र वर चढत आला. उजवी वाळूत रुतून राहिली, मला लाटेने ओढलं. नाकातोंडात खारं पाणी गेलं. संपलं सगळं, असं वाटलं.

एक कोळीण टोपली टाकून कमरेएवढ्या पाण्यात शिरली. तिने मला वर काढलं, रुखमाबाईच्या पुढ्यात ठेवलं आणि गोपिकाकडे वळली. ही इंदूबाई, गोपिकाची शेजारीण.

"गोपे, राती खोकत व्हतीस. काढा घेतलास का गो?"

रुखमाबाईने मान वर केली. लेकीने तिला खोकल्याचं सांगितलंच नव्हतं. "तुले कसं माहीत वं?"

"भिंतीला भिंत हाय आमची. मला नाय कलनार तर कोनाला?"

रुखमाबाई माझ्यातलं पाणी निथळवत बसली. मग इंदूबाईला म्हणाली, "ठेवते पोरगी इथं. पण तिच्या दुखण्याखुपण्याचं मले कळवत जाय. ती नाही सांगणार."

गोपिका रडली. खारं पाणी तिथे आधीच पुष्कळ होतं.

मिठाने चामडं तडकतं, म्हणून इंदूबाईने मला गोड्या पाण्याने धुवायला लावलं आणि माशाचं तेल दिलं. रुखमाबाईने नाकाला पदर लावून ते स्वतः चोळलं.

मित्रांनो, आता मी नागपुरात दाराआड असते. पावसाळ्यात मला अजून वास येतो, नातवंडं नाक दाबतात. दाबा. पण अधूनमधून तेल लावत जा रे. चामडं माणसासारखंच असतं, विचारपूस थांबली की कडक होतं.