झाकण

घरात ती धाकटी, आणि प्रयोगशाळेतही तेच नाव चिकटलेलं. आईला जाऊन नऊ दिवस झाले तेव्हा धाकटी कामावर आली. आता रडेल, मग रडेल म्हणून सगळे तिच्याकडे चोरून बघत होते. पण कसलं रडू अन् कसलं काय! आत नुसता ठोकळा झाला होता.

काम म्हणाल तर सोपं. ग्लिसरीनसारखा दाट द्रावक, बिनविषारी, तापवला की पुन्हा वापरता येणारा. त्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि बाटलीचं वजन करायचं. जितकं वाढलं तितका वायू अडकला. सात नंबरच्या बाटलीने सगळ्यांवर कडी केली होती. परवा सर मोठ्या सभेत तोच आकडा सांगणार होते.

सात नंबरचं वजन केलं त्या दिवशी आईचा फोन आला तेव्हा धाकटीने नुकतीच वायूची नळी काढली होती. बऱ्याच गप्पा झाल्यावर, बोलता बोलताच तिने बाटली वजनकाट्यावर ठेवली आणि ओरडली, "आई, जमलं गं!"

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी आई गेली.

आज सरांनी खात्री करायला सांगितलं. तिने सात नंबरची बाटली हलकेच तापवली, सुटणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडला. निवळी दुधासारखी पांढरी व्हायला हवी होती. ती जेमतेम गढुळली. वर नळीत मात्र थेंबच थेंब.

पाणी! हा द्रावक मेला हवेतलं पाणी मिठासारखा ओढतो, हे तीच नव्या लोकांना शिकवायची. तिने शेगडी बंद केली आणि सरांना हाक मारली.

"सर, आकडा खोटा आहे. झाकण उघडं राहिलं होतं."

सरांनी खुर्ची ओढली. "किती वेळ?"

"वीस मिनिटं. आई बोलत होती."

सरांनी आपल्या टिपणातला सात नंबरचा आकडा खोडला. मग हळूच म्हणाले, "सभेत मी सांगतो काय ते. तू ही बाटली तापवून वाळवून ठेव. द्रावक वाया नको जायला."

"हो," धाकटी म्हणाली.

वाळवायचं म्हणजे आतलं पाणी, आईच्या बोलण्याची ती वीस मिनिटं, उडवून टाकायची. तिने झाकण घेतलं, घट्ट पिळलं, आणखी पिळलं.

"सर, ही नको," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.