बॉयलरच्या पोटात

“अहो, बैल सुटलाय!” तुळसाने तिसऱ्यांदा हाक मारली, तरी महिपत खळ्यात पाठमोरा बसूनच राहिला. मुंबईहून परतल्यापासून त्याचं हे असंच. नवऱ्याला आता आपलं बोलणंही नकोसं झालं, असं वाटून ती मनात धुमसत होती. संतापून तिने हातातली पितळी त्याच्या पाठीमागे दगडावर आपटली. कोंबड्या फडफडत पळाल्या. तो हलला नाही.

त्याला ऐकूच येत नव्हतं. ती समोर गेली आणि तिने कानाला हात लावून खुणेनेच विचारलं.

“गोदीत बॉयलरच्या पोटात बसवायचे,” तो नको इतक्या मोठ्याने म्हणाला. “बाहेरून तापलेल्या खिळ्यांवर घण घालतात, आतून आपण लोखंड रेटून धरायचं. कानात कापूस घालायचो, तो रावजी मुकादमान काढून टाकलान. म्हणे हुकूम ऐकू येत नाय. आता खरंच येत नाय, तर घरी धाडलान.”

रावजी त्यांच्याच वाडीतला. शिमग्याला आला होता आणि सहाणेच्या चौथऱ्यावर, पालखीजवळ बसून गोदीसाठी माणसं निवडत होता. तुळसाचा दीर बाळाही त्यांत होता. ती तरातरा तिथे गेली.

“रावजी भावोजी, ह्यांचे कान गेले ते कुणामुळं?”

“कामात असं व्हायचंच, वहिनी. सवय होते.”

तिने पालखीपुढच्या ढोलाची काठी उचलली आणि ढोल त्याच्या कानाशी धडाधडा बडवला. रावजी दोन्ही कान झाकून उठला.

“हात काढा! हुकूम कसा ऐकाल?”

मानकरी ओरडले, “बाईमाणसाने देवाच्या ढोलाला हात लावलान!” काठी तिच्या हातातून हिसकावली गेली.

बाळाने रावजीला विचारलं, “कापूस घालू द्याल?”

“तुझ्यासारखे ढीगभर मिळतील.”

“मग मी येत नाय,” म्हणून बाळा उठला. निवडलेल्यांतले धोंडू आणि विठू उठले नाहीत. त्यांच्या घरातलं भात संपत आलं होतं. दुसऱ्या दिवशी ते रावजीबरोबर बोटीला गेले.

गावकीने तुळसाला देवापुढे नारळ ठेवून माफी मागायला लावली. तिने नारळ ठेवला.

“देवाला हात जोडते,” ती म्हणाली. “पण माफी रावजीन मागायची. त्याला इथं उभा करायची तुमच्यात धमक नाय, म्हणून माझ्यावर चढताय.”

माफी न मागताच ती घरी निघाली.