काळ्या दोऱ्याची बाटली

आमच्या गावचं तेल म्हनजे साधंसुधं नाई, बाप्पा. कामरगाव, मंगरूळपीरचे लोक जीपा भरून न्याले येतात. इथं घरोघरी दोन बाटल्या ठरलेल्या. एक लेकराच्या मालिशची, एक गुडघेदुखीची. गुडघ्याच्या तेलात बिबा असते. कोवळ्या अंगाले लागला त फोडच फोड. म्हनून त्या बाटलीच्या गळ्यात आमी काळा दोरा बांधतो. गावातल्या शेंबड्या पोराले बी हे ठाऊक.

पन माही सून सपना पडली रिसोडची! तिले वाटलं, दोरा नजर लागू नये म्हनून बांधला, म्हनजे हेच लेकराचं तेल. मी दळन घेऊन घरी आली, त माहा नातू बादल तेलानं चकाकून राह्यला होता. दोन महिन्याचं लेकरू! अन् बाजूले माह्या गुडघ्याची बाटली.

"अवं सपना, हे काय केलं व तू!"

बाटली हुंगली. वास बिब्याचाच वाटला. पोरीले मी नाई नाई ते बोलली. ती बी रडे, मी बी रडो, अन् बादल पाय झाडून हासे. बिब्याले उतारा म्हनून खोबरं वाटून त्याच्या अंगभर फासलं, अन् कुठी लाल झालं का, पायत बसलो.

तेवढ्यात आमचे मालक गोपीचंद पान चघळत आले.

"अवो, ऑटो आना लवकर! हिनं बादलले दोऱ्याच्या बाटलीतलं तेल लावलं!"

मानूस दारातच थबकला. मंग हळूच म्हने, "त्याच्यात बिबा नाई ना, ललिते."

"काहून नाई?"

"पोळ्याले शेजारच्या जानरावचा पाय धरला होता. तुयं तेल त्याले देलं. तू बोंबलशीन म्हनून बाटलीत तिळाचं तेल भरून ठेवलं."

माय व! माहा जीव भांड्यात पडला. या मानसाले शिव्या देऊ का त्याच्या पाया पडू, काई समजे ना. बाटलीचा दोरा सोडला अन् बादलच्या मनगटाले बांधला. सपनाले जवळ घेतलं. "चुकली व माय मी, लय बोलली तुले."

डोळे पुसता पुसता ती म्हने, "पन आई, पोळ्यापासून तुमचे गुडघे त..."

"चूप बस!"

पोळ्यापासून साऱ्या गल्लीले मी सांगत फिरत होती, बिब्यानं गुडघे कसे ठनठनीत झाले म्हनून. बादलले कडेवर घेऊन उठाले गेली, अन् दोन्ही गुडघ्यात अशी कळ आली, बाप्पा, का पुन्हा खालीच बसली.