तेलाचा हात

दुकानदाराने काउंटरवर दोन सेन्सर शेजारी शेजारी ठेवले, एक चकचकीत खोक्यातला, दुसरा जुन्या चिंधीत गुंडाळलेला, आणि हाताची घडी घालून तो उभा राहिला. त्याला सगळे नंबरवाला म्हणत. कुठलाही सुटा भाग मागा, तो आधी नंबर विचारी. गाडीचं नाव, साल, तिचा आजार, काहीही सांगा, ते त्याच्या कानात शिरतच नसे. लग्नाच्या वेळीही यानं मुलीचा नंबर विचारला असणार, असं लोक म्हणत.

मोठीने गाडीतून काढून आणलेला जुना सेन्सर त्याच्यापुढे ठेवला होता, पण त्यावरची नंबराची चिठ्ठी इंजिनाच्या धगीने कधीच पांढरी पडली होती.

मोठी म्हणजे घरातली थोरली सून. सासूबाईंनी पहिल्या दिवशी जी हाक मारली ती केस पिकले तरी सुटली नाही. सासूबाई गेल्या, दीर गेला, मुलं आपापल्या वाटेनं पांगली, एवढ्या घरात दोन जावा आणि एक पुरुषमाणूस उरलं, तरी ही मोठी आणि जाऊ धाकटी. त्या धाकटीला उद्या सकाळी डोंगरापलीकडच्या इस्पितळात न्यायचं होतं. तिच्या किडन्यांनी काम सोडलं होतं आणि दिवसाआड यंत्रावर रक्त शुद्ध करून आणावं लागे. बसच्या पायऱ्या तिला चढवत नसत. भाड्याची गाडी इतक्या सकाळी डोंगर चढायला तयार होत नसे. उरली घरची म्हातारी गाडी, आणि ती गाडी काल बोगद्यात मधोमध बंद पडली होती.

चढावर आधी इंजिनानं आचके दिले, मग एकदम गप्प. मागे एक ट्रक येऊन टेकला होता, त्याच्या दिव्यांनी गाडी आतून पांढरीफटक झाली होती, भोंगा बोगद्यात घुमत होता. मोठी किल्ली फिरवत राहिली. आणि आरशात तिला धाकटीचा चेहरा दिसला. ती घाबरलेली नव्हती. शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या पोरीसारखी दिसत होती. गाडी कशीबशी सुरू झाली, इस्पितळ गाठलं, पण परतताना धाकटी म्हणाली, "जाऊबाई, आणखी एकदा ही थांबली ना, तर मी पुन्हा बसणार नाही. घरी पडून राहीन." बोलण्यात राग नव्हता, धमकी नव्हती, म्हणूनच मोठीला ते खरं वाटलं. धाकटी थकली होती. तिला फक्त निमित्त हवं होतं, आणि ते ही गाडी देणार होती.

"हा नवा," नंबरवाला म्हणाला. "बसेल. पण नक्कल आहे. हा भंगारातल्या तुमच्याच जातीच्या गाडीचा, अस्सल. कंपनीचा नवा हवा तर मागवतो, यायला तीन आठवडे."

तीन आठवडे म्हणजे नाहीच. मोठीने दोन्ही उचलून पाहिले. हवेच्या नळीत बसणारी काळी नळकांडी, आत केसाएवढी बारीक तार. ती तार तापलेली असते आणि येणारी हवा तिला किती गार करते त्यावरून इंजिनाला कळतं, पेट्रोल किती घ्यायचं. मापात चूक झाली की इंजिन उपाशी राहतं, आणि उपाशी माणूस जसा चढावर बसतो तसंच तेही बसतं. गेल्या वर्षी त्यांनी असाच चकचकीत खोक्यातला बसवला होता. काही महिने बरे गेले, मग पुन्हा तेच आचके. नंबरवाल्याने जुन्या सेन्सरच्या आत डोकावून नाक मुरडलं. तारेवर तेलाचा थर बसलाय, तो म्हणाला, कुठून येतंय बघा.

"इंजिन म्हातारं झालं की तेल वर येतं," स्टुलावरून दादा म्हणाले. "माणसाला नाही का खोकला येत."

दादा म्हणजे मोठीचा नवरा. सारी गल्ली त्यांना दादा म्हणे, म्हणून तीही परक्यांपुढे तसंच म्हणे. उभा जन्म त्यांनी मालाच्या गाड्या चालवल्या. मग डोळ्यांतली नजर हळूहळू मावळत गेली, आणि आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. स्टिअरिंग मोठीकडे आलं तेव्हा तिच्या वयाच्या बायका गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या. दादांनी शेजारी बसून तिला शिकवलं, तेही नुसत्या कानांनी. क्लच अर्धवट दाबला की त्यांच्या कपाळाला आठी पडे. पहिल्या महिन्यात ती आठी गेलीच नाही.

त्यांनी भंगारातला सेन्सर मागून घेतला. चिठ्ठी नव्हती, पण अंगावर उठावाचे आकडे होते, अर्धे झिजलेले. ते अंगठ्याने एकेक आकडा चाचपत गेले, मग घरून आणलेल्यावर तसंच. नंबरवालासुद्धा श्वास धरून उभा राहिला.

"शेवटचं अक्षर?" मोठीने विचारलं. तेवढं एक वेगळं असलं तरी सेन्सर दुसऱ्याच गाडीचा, हे तिला ठाऊक होतं.

"तेच आहे."

"नक्की? अहो, उद्या तिला घेऊन चढायचंय."

दादांनी पुन्हा अंगठा फिरवला. "तेच आहे," ते म्हणाले. "हाच घे."

तिने तोच घेतला. पण रस्ताभर तिला वाटत राहिलं की आपण धाकटीचा जीव एका अंगठ्याच्या टोकावर ठेवला आहे.

दुपारी शेडमध्ये दादांनी तो स्वतः बसवला. गाडीचं हात लावायचं काम ते मेकॅनिकला करू देत नसत. नजर गेल्यावर त्यांच्याकडून एकेक काम सुटत गेलं होतं, हिशेब, बाजार, दाढीसुद्धा मोठीच्या हाती आली होती. ही गाडी तेवढी त्यांची उरली होती. स्क्रू कुठे घरंगळला तर आवाजावरून ते तो शोधून काढत. मग दोघांनी गाडी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत नेली. तिथला चढ बोगद्याच्या चढासारखाच. मोठीने जीव मुठीत धरून पाय दाबला आणि गाडी एकही आचका न देता, लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली. दादा डोळे मिटून ऐकत होते. "आता कशी पोटभर जेवतेय," ते म्हणाले, आणि किती तरी दिवसांनी मोठीला हसू आलं.

हे हसू घेऊनच ती धाकटीच्या खोलीत गेली. धाकटी खिडकीशी बसली होती. उद्याची पिशवी रिकामी, खुंटीला टांगलेली. मोठीने सगळं सांगितलं, टाकीचा चढ, सेन्सर, अंगठा. धाकटीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, टाकीपर्यंत माझी चप्पलही जाते. पिशवी भरून ठेवू का, असं मोठीने विचारलं तर ती म्हणाली, बघू सकाळी. या घरात 'बघू' म्हणजे काय, ते दोघींना ठाऊक होतं. सासूबाई कुणाला नाही म्हणायचं असलं की 'बघू' म्हणत.

मोठी तशीच शेडमध्ये आली. दादांनी बॉनेट लावून घेतलं होतं आणि ते चिंधीला हात पुसत होते.

"बरी आलीस. बस आणि चालू कर. एकदा ऐकतो, मग झाकून ठेवू."

ती बसली. किल्ली घातली. तेवढ्यात तिची नजर भिंतीकडच्या फळीवर गेली. तिथे तेलाची छोटी बुधली होती, तोंडाशी ताजा थेंब. शेजारी मेकॅनिकने मागे दिलेला कोरा एअर फिल्टर तसाच खोक्यात पडून होता.

"अहो, बुधली कशाला काढली होती?"

"फिल्टरला तेलाचा हात दिला," दादा म्हणाले. "दर रविवारी देतो, आज उद्यासाठी म्हणून जरा जास्तच दिला. धूळ तेलाला चिकटते, आत जात नाही. आमच्या उस्तादांनी शिकवलेलं. त्या काळी फिल्टरखाली तेलाची वाटीच असायची. आताचे लोक कोरडा कागद लावतात आणि इंजिनं मारतात."

किल्ली मोठीच्या बोटांत होती. ती फिरवायची राहिली. फिल्टरच्या पुढे नळी, नळीत सेन्सर, सेन्सरमध्ये केसाएवढी तार. आठवड्यामागून आठवडे इंजिन श्वास घेत होतं आणि त्या श्वासाबरोबर दादांनी मायेनं लावलेलं तेल जाऊन तारेवर बसत होतं. गेल्या वर्षीचा सेन्सर नकली म्हणून बिघडला नव्हता. हाही बिघडला असता. आज तर जरा जास्तच दिला होता.

"लाव की किल्ली," दादा म्हणाले. "काय झालं?"

तिने किल्ली काढली. गप्प राहून दर रविवारी चोरून फिल्टर बदलता आला असता. हे तिच्या मनात येऊन गेलं, पुरतं येऊन गेलं. पण चोरून बदलायला एक दिवस विसरली असती तर? आणि एवढी वर्षं ज्या माणसानं तिच्या क्लचची चूक कधी गिळली नाही, त्याची चूक तिने गिळायची? ती उतरली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"ते तेल त्या तारेवर जाऊन बसतंय," ती म्हणाली. "कागदाच्या फिल्टरला तेल लागत नाही. नंबरवाल्याने पाहिलं ते इंजिनाचं नव्हतं."

चिंधी दादांच्या हातात तशीच राहिली. त्यांच्या मनात नळी उलगडत गेली असावी, कारण त्यांच्या चेहऱ्यावरचा एकेक बदल तिला दिसत गेला. मग हात खाली आला.

"म्हणजे बोगद्यात…" ते म्हणाले.

शेडच्या दारात काठी वाजली. धाकटी उभी होती, अंगावर शाल, एवढं चालून आल्यामुळे धापा टाकत. ती कशाला आली होती हे मोठीला तिच्या तोंडावरच वाचता आलं. उद्या येत नाही, हे सांगायला. आणि तिने सगळं ऐकलं होतं. तिला हवं होतं ते निमित्त याहून चांगलं कुठे मिळालं नसतं.

धाकटी दादांकडे पाहत राहिली. दादांनी काठीचा आवाज ओळखला होता. ते तिच्याकडे वळायला गेले, बुधलीला कोपर लागलं, ती आडवी झाली आणि तेल फळीवरून टपटपू लागलं. ते नुसते ऐकत उभे राहिले. ज्या माणसाला स्क्रूचा आवाज पुरत असे, त्याला ती बुधली उचलायचं सुचलं नाही.

"भावजी," धाकटी म्हणाली, "माझा काटाच काढायचा होता तर घरच्या घरी सांगायचं. एवढं पेट्रोल कशाला जाळलं?"

मग दादांच्या घशातून काहीतरी निघालं. हसू म्हणावं तर हसू नव्हतं. त्यांनी चिंधी तोंडावर धरली. धाकटी काठी टेकत आत आली, तिने बुधली उचलून बूच लावलं आणि ती आपल्या शालीत घेतली.

"ही आता माझ्याकडे. गुडघ्यांना लावीन. तो कोरा फिल्टर बसवा, नळी पुसून घ्या." मग ती मोठीकडे वळली आणि नजर चुकवत म्हणाली, "किती वाजता निघायचंय?"

मोठीला कळलं. आता धाकटी घरी राहिली असती तर दादा मरेपर्यंत त्याचा दोष आपल्या हातांना देत राहिले असते. हे धाकटीलाही कळलं होतं, म्हणून तिने सुट्टी परत केली होती. ती किती महागात पडली, ते तिचं तिलाच माहीत.

सकाळी धुकं होतं. दादा शेजारी बसले होते, हात मांडीवर उताणे, रिकामे, जणू ते कुठे ठेवायचे हे त्यांना उमगत नव्हतं. बोगद्यात शिरताना मोठीने दिवे लावले. मागे ट्रक होताच, बोगद्यात नेहमी एक ट्रक मागे असतोच. चढाची ती जागा आली, भिंतीवर ओल उतरलेली, जिथे काल-परवाच आयुष्य थांबलं होतं. इंजिनाचा सूर किंचित खाली गेला. दादांनी मान वळवली, कान पुढे केला.

"गिअर," ते म्हणाले. "तुझा गिअर चुकलाय. एक खाली टाक."

तिने टाकला. सूर वर आला, पोटभर आला, आणि पुढे उजेडाचा गोल मोठा मोठा होत गेला.

बोगदा मागे पडला. मग मागून धाकटीने आपली पिशवी दोन सीटांच्या मधून पुढे सरकवली.

"भावजी, ही धरा. आत पाण्याची बाटली आहे, आडवी झाली तर सगळं भिजेल. नीट उभी धरा."

दादांनी पिशवी घेतली, चाचपली, बाटली शोधून सरळ केली आणि दोन्ही हातांनी मांडीवर धरली.

"इस्पितळापर्यंत?"

"येतानासुद्धा," धाकटी म्हणाली. "आणि परवासुद्धा."

मोठीने आरशात पाहिलं नाही. समोर उतार होता, आणि उतारावर नजर रस्त्यावरच ठेवायची, हे तिला शेजारच्या माणसानेच शिकवलं होतं.