चार बोटं झोळ

वन्संचा फायदा सरळ होता. गाडी तपासणीत पास झाली, तर वहिनीची आई पलीकडच्या बेटावर आपल्या घरी राहणार आणि उपचारांपुरती गाडीतून ये-जा करणार. नापास झाली, तर पुढची तपासणी थेट पुढच्या वर्षी. तोवर आईला इकडे आणावं लागणार, आणि घरात रिकामी करता येईल अशी खोली एकच, वन्संची. म्हातारी वाईट नव्हती. उलट तिचा वन्संवर फार जीव होता, आणि जीव असला की ती आपली दुखणी गुडघ्यापासून वरवर क्रमाने सांगायची.

वहिनीचा हिशेब वेगळा होता. "आईला घरातून हलवलं तर ती जगेल," ती म्हणायची, "पण नुसती जगेल."

बेट आणि धक्का यांच्यामध्ये चिखलाची खाडी. ओहोटीला होडी चालत नाही, भरतीला चाक चालत नाही. म्हणून ही आठ चाकांची, चिखलात धावणारी आणि पाण्यात तरंगणारी गाडी. तिला सगळे बेडकी म्हणत. बेडकी आजवर पोती आणि पिंपं वाहायची. माणसं बसवायला परवाना लागतो. गाडी वहिनी चालवायची, राखायची नणंद. वहिनी नणंदेला वन्सं म्हणायची म्हणून हळूहळू सगळा धक्काच तिला वन्सं म्हणू लागला, ज्यांच्या बायकांशी तिचं काडीचं नातं नव्हतं असे मिशाळ खलाशीसुद्धा.

वन्संला नम्रतेची बाधा कधी झाली नव्हती. "माझ्या हातचा पट्टा आजवर उतरलेला नाही," हे वाक्य ती 'कसं काय' विचारल्यावर 'बरं आहे'च्या जागी वापरायची. राग यायचा, पण वाक्य खरं होतं.

बेडकीची चाकं फुग्यासारखी मऊ; नुसती गेली तर गाळात बसतात. त्यांच्यावरून रुंद रबरी पट्टा चढवला की वजन पसरतं, आणि पाण्यात त्याच पट्ट्याच्या आडव्या कडा वल्ह्यांचं काम करतात. चढवताना वन्सं आधी प्रत्येक चाकाची हवा मोजायची, सगळीकडे सारखी. मग पट्टा जमिनीवर सतरंजीसारखा अंथरायचा, कडांची दिशा बघायची, गाडी हळूच त्यावर घ्यायची, मागचं टोक चाकांवरून पुढे आणायचं. दोन्ही टोकं दातेरी पट्टीने खेचून जवळ आली की जोडखिळा एका ठोक्यात आत. दुसरा ठोका मारावा लागला, तर टोकं सरळ आलेली नाहीत असं ती समजायची आणि पुन्हा सोडायची. शेवटी पट्ट्याचा झोळ. चाकांच्या मध्ये वरचा पट्टा थोडा लोंबला पाहिजे. फार ताणला तर चाकांच्या धुऱ्या झिजवतो, फार लोंबला तर वळणावर उतरतो.

"किती झोळ?" वहिनीने शिकताना विचारलं होतं.

"चार बोटं. पट्ट्यावर फळी ठेवायची, फळीखाली चार बोटं आडवी. घुसली पाहिजेत, पण हलता कामा नयेत."

"आणि तुमच्या जिभेला किती ठेवलाय?"

"तिला झोळ नाही. म्हणून तर ती उतरत नाही."

तपासनीसांचा नियम असा, की चालकाला पट्टा स्वतः बसवता आला पाहिजे. भर खाडीत वन्सं कुठून आणणार? म्हणून तपासणीच्या सकाळी दोघींनी वाटणी केली. डावा पट्टा वहिनीने बसवला, उजवा वन्संने. दादा, म्हणजे एकीचा नवरा आणि दुसरीचा भाऊ, शेडच्या दारापर्यंत आला, आतले आवाज ऐकले आणि काहीतरी विसरल्यासारखं करून परत गेला.

"चार बोटं?" वन्संने गाडीच्या पलीकडून विचारलं.

"चार बोटं," वहिनी म्हणाली.

तपासनीस किरकोळ बांध्याचे गृहस्थ होते, गुडघ्यापर्यंतचे बूट घालून आलेले. ते मागच्या बाकावर बसले. वहिनीने बेडकी चिखलात घातली आणि पहिल्याच सरळ वाटेवर बेडकी उजवीकडे ओढायला लागली. वहिनीने सावरलं. पाण्यात तर ती बाजारात बाप ओढतो तिकडे पाठ करून चालणाऱ्या पोरासारखी तिरकी गेली. तरीही वहिनीने पाण्यातल्या खुणेच्या तरंगत्या बोयाला वळसा घातला आणि परत काठ धरला. पण काठाच्या उतारावर वळताना डावा पट्टा सरकला, मागच्या चाकाच्या कडेवर चढला आणि तिथेच बसला. वहिनीने इंजिन बंद केलं.

धक्क्यावरच्या सगळ्या माना वन्संकडे वळल्या. पट्टा उतरला होता.

वन्सं चिखल तुडवत आली. तिने डाव्या पट्ट्याचा झोळ हाताने उचलून बघितला, मग पलीकडे जाऊन उजव्याचा. परत आली, वहिनीचा हात धरला आणि आपल्या हाताशेजारी लावला. वहिनीचं माहेर होडीवाल्यांचं. लग्नापर्यंत तिने वल्ही मारलेली. तिची चार बोटं म्हणजे चार केळी. वन्संची बोटं अशी, की इंजिनामागे पडलेला नट ती न बघता काढायची. दोघींनी इमानदारीने चार-चार बोटं मोजली होती.

"काय झोल आहे?" तपासनीसांनी वरून विचारलं.

"झोल नाही साहेब, झोळ आहे. डावीकडे जास्त राहिला."

"डावा पट्टा कोणी बसवला?"

वहिनीने तोंड उघडलं. त्याआधीच वन्सं म्हणाली, "मी."

धक्क्यावर बसलेल्या गंजक्याने, म्हणजे पलीकडच्या शेडच्या कारागिराने, कान टवकारले. या शब्दाची तो कैक वर्षं वाट बघत होता.

"तुम्हीच ना त्या, ज्यांच्या हातचा पट्टा उतरत नाही?" तपासनीसांनी विचारलं.

"तीच. आज उतरला."

तपासनीसांनी खाडीकडे बघितलं. भरती सुरू झाली होती. "मग चालकाची परीक्षा व्हायचीच आहे. बाई, पाणी चाकाला लागायच्या आत तुम्ही हा पट्टा पुन्हा बसवा. एकटीने. यांनी हात लावायचा नाही."

वहिनी उतरली. तिने खिळा काढला, पट्टा मोकळा केला, चाकावरचा चिखल ओंजळींनी उपसला. पट्टा सरळ करून टोकं चाकांवरून आणली, दातेरी पट्टी अडकवली आणि ओढायला लागली. तिथे वल्ह्यांनी घडवलेले खांदे कामाला आले. वन्संला जे तीन दमात जमायचं ते तिने एका दमात आणलं. खिळा एका ठोक्यात आत. वन्संने नकळत मान डोलावली आणि मग कुणी पाहिलं का ते बघितलं.

फळी ठेवल्यावर वहिनी थांबली.

"साहेब, वन्संचा हात वापरू का?"

"म्हटलं ना, त्यांनी मदत करायची नाही."

"मदत नको. मापाला हवाय. पलीकडचा पट्टा त्याच हाताने मोजलाय."

तपासनीसांनी जरा विचार केला. "अवजार म्हणून वापरा. पण अवजाराने बोलायचं नाही."

वन्संचं तोंड बंद ठेवून काम झाल्याचा धक्क्यावरचा तो पहिला प्रसंग. वहिनीने तिचं मनगट धरलं, बोटं फळीखाली घातली. सैल. पट्टी आणखी दोन दाते ओढली, खिळा पुढच्या भोकात घेतला, पुन्हा बोटं घातली. बसली, हलेनात. मग पलीकडे नेऊन उजवीकडेही तोच हात घातला. सारखा. पाणी चाकाशी आलं, तेव्हा बेडकी बोयाकडे अशी सरळ निघाली, की तपासनीसांनी बाकाची कड सोडून हात मांडीवर ठेवले.

घरी आल्यावर वहिनीने विचारलं, "खोटं का बोललात?"

"माझ्या खोलीसाठी," वन्सं म्हणाली. "तू गप्प बस, हात धुऊन घे."

हिशेब असा लागला. वहिनीला परवाना मिळाला. आई आपल्या घरी राहिली आणि येता-जाता आपली दुखणी बेडकीला ऐकवू लागली. वन्संची खोली वाचली. फक्त तपासनीसांनी अहवालात शेरा मारला, की संबंधित कारागिराचं काम पुढच्या तपासणीपर्यंत दुसऱ्या कारागिराने पडताळावं. जवळपास दुसरा कारागीर एकच. आता प्रत्येक फेरीआधी गंजक्या येतो, वन्संने बसवलेल्या पट्ट्याखाली आपली बोटं घालतो, उगाच वेळ लावतो आणि सही करतो. वन्सं बाजूला उभी राहते, काही बोलत नाही, आणि त्याला चहा देते.