फिन्टनची बाटली

नूलाच्या छपरीसमोर अर्धं गाव गुडघ्यांवर बसलं होतं. छपरीत वर्षभराचं जळण होतं, दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडोऱ्याच्या मातीची, रास, आणि ती सकाळपासून धुमसत होती. भिंतीपलीकडच्या खोलीत नूलाचे वडील, अंथरुणाला खिळलेले मॅलकीकाका, झोपलेले.

फिन्टन गिलहूली म्हणजे सातव्या मुलाचा सातवा मुलगा, म्हणून गावाच्या समजुतीनं हाताला जन्मजात गुण! त्यानं आधी साधं पाणी ओतलं. ते कोरड्या पीटवरून ओघळून गेलं. मग त्यानं बाटली काढली. "हे पवित्र विहिरीचं. आता बघा, आग कशी निजते!" पाणी झरझर आत मुरलं, चुर्र झालं, धूर थांबला. लोकांनी छातीवर क्रूस काढले.

"पाहिलंत ना बाई?" नूला म्हणाली. "बंबवाल्यांना मीच परत पाठवलं."

"अगं, वेडी आहेस का? आधी काकांना बाहेर काढ!" मी ओरडले.

"शंका घेतली की गुण जातो," फिन्टन गोड आवाजात म्हणाला. काय सोय आहे बघा!

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्याच्या हातातली बाटली हिसकावून खसाखसा हलवली. तळाशी उरलेल्या पाण्याला गळ्यापर्यंत फेस! नूलाच्या मोरीवरचा भांडी घासायचा साबण बादलीत कालवला आणि ओतला. तोही तसाच मुरला.

"ही कुठली विहीर, फिन्टन? वाळलेलं पीट पाण्याला आत घेत नाही, साबण घातला की घेतं. पण बाटलीभर पाणी भिजवणार किती? वरचा थर!"

फावडं खुपसलं. आत लालभडक.

"नूला, रोज चुलीतला निखारा राखेखाली झाकतेस ना? सकाळी तो जिवंतच असतो ना?"

तिचा चेहरा उतरला. ती खोलीकडे धावली, मागोमाग आम्ही.

"बघा, काकांचे गाल कसे लाल झालेत!" दारातून कुणीतरी ओरडलं. "गुण आला!"

मी नाडी पाहिली. नव्हती. धुमसत्या जळणाचा विषारी वायू भिंतीच्या फटींतून आत आला होता. त्याला ना रंग, ना वास. माणूस मारताना तो गाल लाल करून जातो.

बंब पुन्हा बोलावला. जवानांनी रास फोडली आणि पाण्यात साबणासारखंच भिजवणारं रसायन मिसळून ती तळापर्यंत भिजवली. मंत्र कुणी म्हटला नाही. फिन्टन तोवर पसार झाला होता.

"बाई, मी शंका घेतली असती तर?" नूलानं विचारलं. तिला मी फक्त जवळ घेतलं.

तुम्हाला मात्र सांगते. शंकेनं गुण जातो म्हणणाऱ्याची बाटली आधी हलवून बघा. आणि बंबाला परत पाठवू नका.